झेंडूच्या फुलाने शिंपडलेलं पाणी

मशीन मी बिघडवलं आणि दोष तिच्यावर जाऊ दिला. हे आधीच सांगतो, नाहीतर लिहिता लिहिता मी पुन्हा स्वतःला सावरून घेईन.

२०१५ साली मी डहाणूला शिक्षक होतो. रविवारी तलासरीकडच्या एका पाड्यावर, समाजमंदिरात, बायकांना कॉम्प्युटर शिकवायचो. एका कंपनीने काढून टाकलेली चार मशीन होती. त्यातल्या एकावर पाड्यावरची एक बाई वनहक्काच्या दाव्यांसाठी म्हाताऱ्यांचे जबाब टाइप करायची. कोण कुठली जमीन कधीपासून कसतो, हे म्हातारे सांगायचे आणि ही एका बोटाने लिहायची. दोन महिने चाललं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मराठी टायपिंग नीट करायला म्हणून मी तिच्या मशीनवर विंडोज नव्याने टाकायला घेतलं आणि सगळी डिस्क पुसली. मग मशीन सुरूच होईना. जबाबांची दुसरी प्रत नव्हती. ती काढायला शिकवणं माझंच राहिलं होतं. कुलूप लावून घरी आलो.

दसऱ्याला मशीनची पूजा ठरली होती. अवजार आहे, पुजायला हवं, असं मीच म्हणालो होतो. तिने हळदकुंकू लावलं, झेंडूच्या फुलाने पाणी शिंपडलं, बटण दाबलं. पडदा काळाच.

"आंघोळच घातलीस की गं त्याला," एक जण म्हणाली.

"थंडी वाजली असेल," दुसरी.

ती हसली नाही. "सर, माझ्यामुळे झालं?"

"पाणी जरा जपून..." मी एवढंच म्हणालो. खोटंसुद्धा पूर्ण बोलायची हिंमत नव्हती.

पुढच्या रविवारपासून ती आली नाही. खरं कळलं तर पाडा काय करेल, शाळेत काय म्हणतील, याच धास्तीत मी होतो. वाटेतल्या विवळवेढ्यावरून जाताना तिथल्या देवीच्या देवळाकडे बघायचं टाळायचो. दिवाळीनंतर कळलं, ज्यांचा जबाब सगळ्यात लांब होता ते आजोबा वारले.

त्याच दिवशी तिच्या घरी गेलो. ती अंगणात भात वाळवत होती. तिने खाट पुढे केली. मी उभाच राहिलो.

"ताई, पाण्याने काही झालं नव्हतं. आदल्या दिवशी मीच सगळं पुसलं. घाबरलो, म्हणून तुमच्यावर ढकललं. आजोबांचा जबाब मला परत आणता येणार नाही. मला माफ करा. बाकीच्यांचे जबाब पुन्हा घ्यायला तुमच्याबरोबर येतो. कोणामुळे पुन्हा सांगावं लागतंय, ते त्यांना मीच सांगेन."