सारजाबाईंचं ‘बस’

चाकणच्या एमआयडीसीत एका मोठ्या कंपनीच्या गेटासमोर सारजाबाईंची पिठलं-भाकरीची गाडी आहे. त्या जवळच्याच गावच्या. घरच्या रानात अजून बाजरी होते, तीच भाकरीला येते. रिटायर झाल्यापासून मी दुपारी तिथेच जेवतो. लिहायची मला सवय नाही, नीट सांगता येईल की नाही ठाऊक नाही. पण या बाईंबद्दल कोणीतरी लिहायला हवं, असं बरेच दिवस वाटत होतं.

अकरा वर्षांत त्यांच्या गाडीवरून कोणी अर्धपोटी उठलेलं नाही. एवढा एकच अभिमान त्या बाळगतात. कोणाला अजून भाकरी हवी आहे, हे त्यांना पाठमोऱ्या असतानाही कळतं. स्वतः मात्र गर्दीच्या वेळी कधी टेकत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात कंपनीतला शेखर एका कोरियन इंजिनिअरला घेऊन आला. नाव जुन-हो, वर्षभरासाठी इकडे आलेला, पंचविशीतला पोरगा.

“हॉटेलचं खाऊन कंटाळलाय,” शेखर म्हणाला. “तिथल्या एका जेवणात इथं आठवडा निघेल.”

पहिल्याच घासाला पोराच्या डोळ्यांत पाणी आलं, नाक लाल झालं, आणि त्याने आणखी ठेचा मागितला. पुढे तो एकटाच येऊ लागला. सारजाबाईंनी त्याचा ‘जुनोबा’ करून टाकला. शेखरने त्याला कामापुरता एकच शब्द शिकवला होता. पोट भरलं की ताटलीवर हात आडवा धरायचा आणि ‘बस’ म्हणायचं, नाहीतर ही बाई वाढतच राहील.

एके दुपारी तो उभ्यानेच जेवत होता. बाकावर जागा झाली. तव्यावरची भाकरी उलटत सारजाबाई म्हणाल्या, “बस रं लेकरा, बस, बस.”

जुनोबा थबकला. अर्धी भाकरी ताटलीत तशीच होती. त्याने ताटली खाली ठेवली, कमरेत वाकून नमस्कार केला आणि निघून गेला.

“अवो, जेवता जेवता गेला की!” सारजाबाई मला म्हणाल्या. “तिखट झालं व्हय?”

“नाही हो.”

पुढचे चार दिवस तो आला नाही. बाईंनी पिठल्यातली मिरची निम्म्यावर आणली. टेम्पोवाला चिमाजी म्हणाला, “काय सारजाबाई, आज दवाखान्याचा डबा का?”

“गप गिळ.” पण हे म्हणताना त्या रोजच्यासारख्या हसल्या नाहीत. सगळं लक्ष गेटाकडे होतं.

पाचव्या दिवशी चिमाजीने ताटलीवर हात आडवा धरला आणि म्हणाला, “बस!” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एरवी चिमाजीला अरे-तुरे केलं, तरी बसायला सांगताना आम्हा सगळ्यांना त्या ‘बसा’च म्हणतात. त्याला मात्र पोटच्या पोरासारखं ‘बस’ म्हणाल्या होत्या. मी ते त्यांना सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली तरी त्या हलल्या नाहीत.

“म्हंजी मी त्याला पुरं कर म्हन्ले? जेवत्या लेकराला?”

शेखरला कळलं तेव्हा तो आधी हसला, मग बाईंचा चेहरा पाहून थांबला. “उद्या आणतो त्याला. तुम्ही आपलं ‘बसा’ म्हणा, म्हणजे घोळ नको.”

“लेकराला बसा म्हनू? परक्यावानी?”

दुसऱ्या दिवशी जुनोबा आला. शेखरने त्याला समजावलं होतं, तरी गाडीपासून चार पावलं लांबच उभा राहिला. कान लाल झालेले. गाडीभोवती आठ-दहा माणसं खोळंबली होती. सारजाबाईंनी गॅस बारीक केला, पदराला हात पुसले, भाकरीची टोपली उचलली आणि बाकावर येऊन बसल्या. मी तरी त्यांना भर गर्दीत बसलेलं प्रथमच पाहिलं. शेजारच्या फळीवर त्यांनी हात थापटला.

“बस.”

तो बसला.

“अन् आमची भाकरी?” चिमाजी ओरडला.

“हात हायेत न्हवं तुला? थाप की!”

जुनोबाने मान खाली घालून दोन भाकरी संपवल्या, ठेच्यासकट. बाईंनी तिसरी काढली. त्याने घाईने ताटलीवर हात आडवा धरला.

“बस!”

“आरं, बसलीया की मी कवाची,” सारजाबाई म्हणाल्या, आणि त्याच्या बोटांखालून अर्धी भाकरी ताटलीत सरकवली.