मामाजींचा कान

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, कानाने बघत. तुम्ही म्हणाल, कानाने कोणी बघतं का? पण ओट्यावर बसल्या बसल्या ते सांगत की ही सायकल आपल्याच दारी थांबणार आणि हिची साखळी कोरडी आहे. सायकल थांबायची, आणि साखळी खरंच कोरडी निघायची.

पवनीला आमचं गोळीच्या सोड्याचं काम होतं. मी लग्न होऊन आले ती सत्तर सालानंतर दोन-तीन वर्षांनी. पुढच्या खोलीत हाताने फिरवायचं मशीन, कोपऱ्यात भिंतीला साखळीने बांधलेलं गॅसचं सिलेंडर आणि त्याच्या मानेवर दोन काट्यांचा पितळी रेग्युलेटर. चुलीचा गॅस नव्हे हं, सोड्याला फसफस आणणारा. मशीनमध्ये बाटली उलटी झाली की आतली गोळी तोंडाशी जाऊन बसे. त्या एका आवाजावरून मामाजी बाटली बाजूला काढत. "हे कच्ची रायली," म्हणत. फोडून बघा, सोडा मिळमिळीतच.

गॅस कुठून निसटतो का, हे बघायला बाकीचे लोक साबणाचा फेस लावतात. गळत असेल तिथे फुगे येतात. मामाजींना ते कमीपणाचं वाटे. "फेस आंधळ्यायले. मले कान देल्ले देवानं," असं म्हणून ते सिलेंडरला गाल लावून उभे राहत, लेकराच्या छातीला लावावा तसा. सिलेंडर दिवसभर उघडंच ठेवत. गळलं तर आपल्याला कळेलच, हा भरवसा.

आणि नेमकं एका उन्हाळ्यात सिलेंडर नेहमीपेक्षा निम्म्याच दिवसांत रिकामं व्हायला लागलं. मामाजींनी वायसर बदलला, रबरी नळी बदलली, कान लावून बघितलं. काही नाही. मग म्हणाले, "नागपूरवाला अर्धंच भरून देऊन राहिला." एक सिलेंडर तर त्यांनी भांडून परत पाठवलं. नदीपलीकडे एका ओळखीच्या घरी लग्न होतं. सगळ्या वऱ्हाडाचा सोडा मामाजींनी कबूल केला होता, आणि हाताशी शेवटचं सिलेंडर. दुसरं नागपूरहून येईतो नवरी सासरी गेली असती. "माह्या शब्दावर मांडव टाकला त्यायनं," एवढंच ते बोलले आणि त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

मी मधल्या खोलीत तांदूळ निवडत बसायची. मशीन थांबलं की मला बारीकशी सूं ऐकू यायची. डास कानाशी आल्यासारखी. पण सांगायचं कसं? त्या काळी आमच्याकडे सून मामाजींशी बोलत नसे. डोक्यावर पदर, आणि काही सांगायचंच झालं तर सासूबाईंच्या मार्फत. मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं. "काहून वं, तुह्या मामाजीच्या कानाले आइकू नाही येत, ते तुले येते? दोन वर्षं नाही झाले अजून घरात येऊन."

गप्प बसले. पण सूं काही गप्प बसेना. मामाजी पुन्हा सिलेंडरला गाल लावून उभे होते, आणि मला इकडे खोलीभर ऐकू येत होतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. इतकी वर्षं सोडा भरताना कानाशी बाटल्या फुटत आलेल्या. तो कान आता राहिला नव्हता, आणि ते मामाजींनाही कळलं असावं, फक्त कबूल करायचं नव्हतं.

मी न्हाणीतून साबण आणून वाटीत फेस केला. पदर पुढे ओढला आणि त्यांच्या शेजारून हात घालून रेग्युलेटरला फेस लावला. नटाला लावला, काही नाही. नळीला लावला, काही नाही. दाब कमीजास्त करायच्या चावीखाली एक बारीक भोक असतं, तिथे लावला. फुगे उठले. एकावर एक, द्राक्षाच्या घडासारखे.

सासूबाई दारात थिजल्या. मामाजींनी वाकून ते फुगे बघितले. मग सिलेंडर बंद करून त्यांनी रेग्युलेटर खोलला. आतला रबरी पडदा केसाएवढा चिरला होता. जाड रबराचा नवा पडदा कापून बसवला, तो मी फेस लावूनच तपासला. लग्नाचा सोडा वेळेवर पोचला. नागपूरवाल्याला त्यांनी स्वतः जाऊन हात जोडले.

त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "बाई, कधीपासून आइकू येत होतं तुले?"

मी चार बोटं दाखवली. चार आठवडे.

"मंग बोलली काहून नाही?" असं म्हणाले आणि स्वतःच हसले. "बोलली असती तरी मले कुठं आइकू येत होतं. लोकायले सांगू नोको."

नाही सांगितलं. आता सांगते आहे, कारण रागवायला ते नाहीत. त्यानंतर रोज काम संपलं की ते सिलेंडर बंद करत आणि हाक मारत, "बाई, आइक." मी येऊन ऐकायची, फेस लावायची आणि काही नाही म्हणून मान हलवायची. मग ते हात धुऊन जेवायला बसत. आमच्या घरातला सून-सासऱ्याचा पडदा असा रोज थोडा थोडा सरकत गेला. पुढे तर मी मोठ्याने ओरडून बोलायची, आणि सासूबाई म्हणायच्या, "आता बस कर वं, गल्ली आइकून राहिली."

ऐंशी सालानंतर ते गेले, सकाळी, काम चालू असताना. घरात रडारड झाली, माणसं जमली. कोणीतरी मला धरून बसवलं होतं. तेवढ्यात मला ती सूं ऐकू आली. मशीन अर्धवट सोडलेलं, सिलेंडर उघडं. मी उठले. ते बंद केलं, कान दिला, वाटीत फेस करून सगळीकडे लावून बघितला. आणि त्यांना ठेवलं होतं तिथे येऊन, रोजच्यासारखी मान हलवली.