तीन नंबरवर फडका

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही. भावाला नाही, देवासमोरही नाही — देवाला माहीतच असणार, तिथे बोलण्यात कसलं आलंय धाडस? तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. अडखळलो तर अडखळू द्या. आजवर कधी सांगितलेलीच नाही, मग सवय कुठून असणार?

इंदूरला स्नेहलतागंजात आमचं उपहारगृह होतं. आजोबांनी होळकरांच्या राज्यात सुरू केलेलं. संगमरवरी टेबलं, शिसवी खुर्च्या आणि मागे पडदा लावलेली फॅमिली रूम. गावातल्या मराठी माणसाला कुणाला भेटायचं असलं की तो आमच्याकडे भेटायचा. गणेशोत्सवाच्या सभा, वर्गणीवरची भांडणं, नाटकाच्या तालमीनंतरचा चहा, सगळं आमच्या टेबलांवर. आणि लग्नं! घर अपुरं असलं, चारचौघांना दाखवण्यासारखं नसलं, की लोक मुलगी दाखवायला फॅमिली रूममध्ये आणत. अशा दिवशी माझे वडील स्वतः पोह्यांच्या बश्या घेऊन आत जायचे आणि मुलीच्या बापाला 'साहेब' म्हणायचे. मग तो कोणी का असेना. आमच्या हॉटेलचा तो रिवाज होता. वडिलांनी मला गल्ला नंतर शिकवला, हा रिवाज आधी शिकवला.

मुळ्यांना मात्र वडील एरवीही 'साहेब' म्हणायचे. एका कापड मिलमध्ये ते हेडक्लार्क होते. पगार झाला की दोघातिघांना घेऊन यायचे, खुर्ची ओढून ऐसपैस बसायचे आणि मोठ्या आवाजात ऑर्डर द्यायचे. मी तेव्हा शाळेत. मला 'बाळ' म्हणायचे. तो आवाज मला तेव्हाही आवडत नसे — पण हे आज आठवून म्हणतोय का? काय माहीत.

मग मिल बंद पडल्या. एकेक करत सगळ्याच. आमचीही गिऱ्हाइकं गळाली. नवी पिढी काचेच्या दारांच्या नव्या दुकानांकडे वळली. वडील गेले होते, गल्ल्यावर मी होतो. एका दुपारी मुळे आले आणि खुर्चीवर न बसता उभ्यानेच म्हणाले, काही काम असेल तर बघा.

गल्ल्यावर मला माणूस हवाच होता. आयुष्यभर हिशेब केलेला माणूस समोर उभा होता. मी त्यांना मुदपाकखान्यात बटाटे सोलायला बसवलं. का? तिथे जागा होती, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. ते मागच्या दाराने यायचे, मागच्या दाराने जायचे. मी त्यांना 'मुळेकाका' म्हणायचो, ते मला 'मालक' म्हणायचे. सोलायला बसताना शर्टाच्या बाह्या नीट घडी घालून वर करायचे. मला ते बघायला बरं वाटायचं. हेही आज पहिल्यांदाच सांगतोय.

त्यांची मुलगी ज्योती एम.ए. झालेली, घरी शिकवण्या घ्यायची. मिलची खोली सुटल्यावर ते सगळे छत्रीबागेत एका खोलीत राहत होते. उज्जैनचं स्थळ आलं, मुलगा बँकेत. मुळ्यांनी तिकडे सांगितलं होतं की खासगीत हिशेबाचं काम करतो. आदल्या दिवशी ते गल्ल्याशी आले आणि अगदी हळू म्हणाले, "मालक, उद्या एक दिवस... मी गिऱ्हाईक म्हणून येतो."

"काका, घरचंच कार्य समजा," मी म्हणालो. आणि खरं सांगतो, तेव्हा मला तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळचं काम उरकून ते घरी गेले आणि दुपारी पुढच्या दाराने आले. जुना कोट, पॉलिश केलेले बूट. पाहुणे आले — मुलगा, त्याचे आईवडील. मी रिवाजाप्रमाणे बश्या घेऊन स्वतः आत गेलो आणि 'या साहेब' म्हणालो. ज्योती मान खाली घालून बसली होती, पण चेहऱ्यावर हसू होतं. मुलाच्याही. जमत आलं होतं हो. चार लग्नं जमताना पाहिलेल्या माणसाला ते कळतं.

मुळ्यांनी एक चमचा तोंडात घातला आणि बशी माझ्याकडे सरकवली. "पोहे गार आहेत, बाळ. दुसरे आण. तुझ्या वडिलांच्या टाइमची वो बात नाही राहिली आता." आवाज तोच, जुना. पाहुणे हसले.

पोहे गारच होते. आणि वडिलांच्या वेळची शान राहिली नव्हती, हेही खरंच. त्यांच्याकडून काय चूक झाली? गिऱ्हाईक होऊन येतो म्हणाले होते, गिऱ्हाइकासारखे वागले. पण मला मिरच्या झोंबल्या. सकाळी ज्याने ह्याच पोह्यांचा कांदा चिरला, तो मला 'बाळ' म्हणतो?

मी आत गेलो. आचारी पोहे परतत होता आणि मी शेजारी उभा राहून विचार करत होतो. हे लक्षात घ्या — विचार करत होतो. रागाच्या भरात बोललो असतो तर आज तुमच्यासमोर बसलो नसतो. गरम बश्या घेऊन गेलो, ठेवल्या, हसलो, पडद्यापर्यंत परत आलो. पडदा हाताने बाजूला धरला. आणि वळून म्हणालो,

"अरे मुळे, बाहेर तीन नंबरवर फडका मारा."

मला वाटलं होतं ते हसून टाळतील, किंवा चिडतील. ते उठले. माझ्या खांद्यावरचा फडका घेतला आणि बाहेर जाऊन तीन नंबरचं टेबल पुसू लागले. पडदा मी धरूनच ठेवला होता, आतून सगळं दिसत होतं. टेबल स्वच्छच होतं. ते पुसत राहिले. कोपरेसुद्धा.

मुलाची आई म्हणाली, आम्ही निघतो. बाप म्हणाला, काम कुठलंही असो, आमची हरकत नव्हती, पण खोटं? ज्योतीने कुणाकडेच पाहिलं नाही.

मग मी हळहळलो. कानाची पाळी धरली, सवयीने जीभ घसरली म्हणालो. बायकोला तेच सांगितलं, आचाऱ्याला तेच, मुळ्यांच्या बायकोलाही तेच. सगळ्यांना पटलं. कसली सवय? सवयीने 'मुळेकाका' निघालं असतं. आणि मुळ्यांनी त्या दिवसापर्यंत माझं एक टेबल पुसलं नव्हतं; ते काम दुसऱ्या पोराचं. पुसायला गेले कारण दुसरीकडे नोकरी नव्हती, आणि हे मला पुरतं ठाऊक होतं.

पुढे ज्योतीला स्थळं आली, पण आपल्या लोकांत बातमी पाहुण्यांच्या आधी पोचते. तिचं लग्न झालं नाही. कधी बड्या गणपतीजवळ दिसते. "काय दादा, बरे आहात ना?" म्हणते. मी बरा आहे म्हणतो.

मला तेव्हा पश्चात्ताप झाला असेल असं तुम्हाला वाटत असेल. नाही झाला. टेबल पुसताना त्यांची वाकलेली पाठ पाहून मला आनंद झाला होता. साधा, पोटभर आनंद.

त्या संध्याकाळी कोट काढून, बाह्या वर करून ते गल्ल्याशी आले. मला वाटलं, आता बोलणार. ओळखलं असणार यांनी. जीभ घसरली नव्हती, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार होतं? ते हात जोडून उभे राहिले.

"माफ करा, मालक. माझ्यापायी तुम्हाला खोटं वागावं लागलं."

मी थोडा वेळ त्यांना तसंच उभं ठेवलं. मग म्हणालो, "असू द्या. या वेळी माफ केलं."