कडाकणीची बाराखडी

आमचा दत्तू वाचायला शिकला तेव्हा त्याला आठ दात होते. चार वर, चार खाली. दातांचं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्यांचं काम पडणार आहे.

दत्तू म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, वय दीड वर्ष. भावाला आम्ही आण्णा म्हणत असू. वडील गेल्यापासून घरचा कर्ता तोच. येळ्ळूरच्या आमच्या सबंध भावकीत व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची मोठी परीक्षा, पास झालेला तो एकटा, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. गावच्या शाळेत मास्तर होता. एकदा तो बेळगावात कुणा शिकलेल्या साहेबाचं व्याख्यान ऐकून आला आणि पायातल्या वहाणा न काढताच सांगू लागला, की मूल बोलायच्या आधीच त्याला वाचायला शिकवलं पाहिजे. विलायतेत म्हणे पाळण्यातच पुस्तक देतात. आपण पोराला सहा-सात वर्षं नुसतं मातीत लोळू देतो, तिथेच देश मागे पडतो.

आईने भाकरी थापता थापता विचारलं, "त्येला अजून 'आई' म्हणायला येत न्हाय. त्येनं वाचलं का न्हाय, तुला कळणार कसं?"

"बोट दावील की," आण्णा म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून देश पुढे न्यायला सुरुवात झाली. आण्णाने पाटी पुढे ठेवली, दत्तूने पेन्सिल खाल्ली. परातीत वाळू पसरून अक्षरं काढली, त्याने वाळू खाल्ली. जमिनीवर कोळशाने लिहिलं, तर कोळसा खाऊन पोराने असं तोंड करून घेतलं, की शेजारणीने दृष्ट काढायला सांगितली. वैनी बिचारी दर वेळी त्याचं तोंड पुसायची. नवऱ्याला काही बोलत नसे, पण भांडी मात्र आपटून घासत असे.

एवढ्यात नवरात्र आलं. आमच्याकडे देवीवर फुलोरा बांधतात. गुळाच्या पाण्यात पीठ मळायचं, पातळ लाटायचं, त्यातून देवीची वेणी, फणी, करंडा असे आकार कापायचे आणि कडक तळायचे. ह्याच कडाकण्या. त्या दोऱ्यात ओवून देवीच्या डोक्यावर टांगतात. मी वेणी कापत बसले होते आणि आण्णा दारात उभा राहून कढईकडे टक लावून बघत होता. मला वाटलं, भूक लागली असेल.

"सुंदरे," तो म्हणाला, "देवीची वेणी येतीया, तर 'अ' का येणार न्हाय?"

झालं! पोर सगळं तोंडात घालतं ना, मग अक्षरच खाण्याचं करायचं. काम माझ्यावर आलं. मी सोळा वर्षांची, लग्नाची, आणि मला स्वतःला एक अक्षर येत नव्हतं. (मुलींना कशाला शिकवायचं, असं आण्णाचंच मत होतं.) तो पाटीवर काढून द्यायचा, मी सुरीने तसं कापून तळायची. 'र' आणि 'म' नीट निघत. 'ळ'चे मात्र कढईत दरवेळी दोन तुकडे. मोडकं अक्षर दत्तूला दिलं तर तो मोडकंच शिकेल, म्हणून ती सगळी मी खायची, असा आण्णाने नियम केला. त्याचा तेवढा नियम मी मनापासून पाळला.

शिकवण्याची रीत सोपी होती. दत्तूपुढे दोन कडाकण्या ठेवायच्या आणि "र कुठाय?" म्हणून विचारायचं. बरोबर उचलली तर खायची, चुकली तर आण्णा ती परत घ्यायचा. खोटं कशाला बोलू, आठवडाभरात पोरगं खरंच ओळखू लागलं. र म्हटलं की र, म म्हटलं की म. आण्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. आईला मात्र पटेना. ती म्हणाली, "अक्षरं समदी पोटात गेली. डोस्क्यात कवा चढणार?"

ती चढली, पण भलत्याच वाटेने. अक्षर दिसलं की खायचं, एवढं दत्तूच्या डोक्यात पक्कं बसलं. त्याने आधी घरचं पंचांग धरलं. कार्तिकाचं पान निम्मं गेलं, त्यात एकादशीही गेली. आण्णाने अंदाजाने दिवस सांगितला आणि आईने दशमीला कडकडीत उपास करून एकादशीला झुणका-भाकर खाल्ली. संध्याकाळी देवळात गेल्यावर तिला कळलं. ती दोन दिवस आण्णाशी बोलली नाही. मग दुकानदाराच्या दारात खाली टेकवलेली घासलेटची पाटी दत्तूने चाटली. आण्णा त्याला कौतुकाने शाळेत घेऊन गेला, तर त्याने पहिल्या रांगेतल्या पोरांच्या पाट्या चाटून स्वच्छ केल्या. शुद्धलेखन गेलं म्हणून ती पोरं अशी खूश झाली, की दुसऱ्या दिवशी दत्तूला न्यायला घरी आली.

आण्णा काही खचला नाही. उलट म्हणायचा, "कोऱ्या भिंतीला त्यो तोंड लावत न्हाय. अक्षर दिसलं तरच लावतो. ह्ये वाचणं न्हाय तर काय?"



अशात तुळशीचं लग्न झालं आणि मला बघायला निपाणीचे पाहुणे यायचे ठरले. तंबाखूची वखार असलेलं घर. मुलगा मी आधीच पाहिला होता. उन्हाळ्यात तो बैल बघायला आमच्या गावात आला होता, तेव्हा विहिरीवर बैलांना पाणी पाजून मगच स्वतः प्यायला. तेवढ्यावर मी त्याला पसंत करून टाकलं. (त्याने मला पाहिलं नव्हतं. माझ्या डोक्यावर वैरणीचा भारा होता, त्याखाली कोण चाललंय हे कळायला मार्ग नव्हता.) हे लग्न व्हावं असं मला फार वाटत होतं, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. आईने बजावलं होतं, की विचारल्याशिवाय बोलायचं नाही, वर बघायचं नाही, आणि काही झालं तरी हसायचं नाही. माझं हसणं गल्लीच्या टोकापर्यंत जातं, हे तिला ठाऊक होतं.

पाहुणे आले. सासरे (पुढे झाले ते, तेव्हा नुसते पाहुणे) मोठा पटका बांधलेले, मिशा भरघोस, बोलणं वखारीतल्या हमालांना दटावल्यासारखं. सासूबाई काही न बोलता सगळं बघत होत्या. मुलगा पायाचा अंगठा निरखत बसला होता. मी उप्पिटाचं ताट घेऊन आले आणि मान खाली घालून उभी राहिले. आता दोन प्रश्न, दोन उत्तरं, की सुटले, असं मला वाटलं. पण आमचं घर किती शिकलेलं आहे, हे दाखवल्याशिवाय आण्णाला राहवतंय होय? त्याने दत्तूला आणून बैठकीत बसवलं, हातात अक्षरांची पाटी घेतली आणि दीड वर्षाचं पोर वाचतं म्हणून सांगितलं.

सासऱ्यांनी पाटीकडे बघितलंसुद्धा नाही. "पाटीवरचं पाठ करून घेतलं असशीला," ते म्हणाले. "ह्ये वाचू दे बघू."

असं म्हणून त्यांनी बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हात दत्तूपुढे धरला. हातावर कुठल्याशा जत्रेत गोंदवून घेतलेलं हिरवंगार, ठसठशीत 'राम'.

वैनीने आतून दाराची कडी वाजवली, पण आण्णाला आता काही ऐकू येत नव्हतं. मी ओरडले तर लग्न मोडणार, गप्प राहिले तर पाहुण्यांचा हात जाणार. ह्यातलं कुठलं बरं, ह्याचा मी विचार करत होते.

"दत्तोबा, र कुठाय रं?" आण्णाने लाडाने विचारलं.

दत्तूने आठही दात लावले.

सासऱ्यांची आरोळी ऐकून गोठ्यातल्या म्हशीने दावं तोडलं. आण्णा मात्र पुढे वाकला, हातावरच्या खुणा नीट बघितल्या आणि उजळलेल्या चेहऱ्याने म्हणाला, "बराब्बर र वर हाय बघा. म ला धक्का बी न्हाय."

तिकडे दत्तूचं तोंड वाकडं झालं होतं. जन्मभर तंबाखूत राबलेला तो हात, त्याला गुळाची चव कुठून असणार? पोराने थू थू करून भोकाड पसरलं. आणि मी हसले! पदराआडचं हसू नव्हे. ताट हातातून सुटलं, उप्पीट नवऱ्यामुलाच्या मांडीवर पडलं, आणि मी भिंतीला टेकून खो खो हसत राहिले. आईने डोळे मिटले. मुलाने मात्र अंगठा सोडून पहिल्यांदा वर बघितलं.

सासरे उठले, बाही खाली केली आणि बायकोला म्हणाले, "चला." माझं हसू जागीच थांबलं. निपाणी संपली, असं मला वाटलं.

पण सासूबाई उठल्या नाहीत. त्या पदराने डोळे पुसत होत्या, आणि नीट बघितलं तेव्हा कळलं की त्याही हसत होत्या.

"बसा वो," त्या म्हणाल्या. "हात तुमीच पुडं केलता न्हवं?" मग आईकडे वळल्या. "आमच्या घरात ह्येंच्या भ्यानं कोन हासत न्हाय. ही पोरगी मला पायजे."

सासरे बसले. उरलेलं उप्पीट मागून खाल्लं, आणि सुपारी त्याच दिवशी फुटली.

दत्तूची विद्या मात्र तिथेच खुंटली. तंबाखूची चव पोर विसरलं नाही. अक्षर दिसलं की तोंड फिरवायचं. सात वर्षांचा झाला तरी पाटीकडे बघेना, आणि मास्तरांचा मुलगा असून गल्लीत सगळ्यांत शेवटी वाचायला शिकला.

पुढे मला मुलगी झाली. ती सहा महिन्यांची असताना आमचे हे कुठून तरी ऐकून आले आणि म्हणू लागले, की हिला आत्तापासूनच वाचायला शिकवू या. सासऱ्यांनी आधी बाही मनगटापर्यंत खाली ओढली. म्हणाले, "शिकवा की. पर दात यायच्या आत आटपा."

हे मला पटलं. मी लगेच ह्यांच्याकडून पाटीवर काढून घेऊन परातभर अक्षरं तळली आणि रोज एकेक तिच्यापुढे धरू लागले. ती हसायची, लाळ गाळायची. बिनदाताच्या पोरीला कडाकणी देता येत नाही आणि गुळाचं खाणं टाकून देववत नाही, म्हणून दाखवून झाली की मीच खायची. दात येईपर्यंत पोरगी एक अक्षर शिकली नाही. माझी मात्र 'ळ'सकट सगळी बाराखडी संपली, आणि शिंप्याकडे सगळ्या चोळ्या उसवून घ्याव्या लागल्या.