तापीच्या मुखाशी, होमीशेठच्या बोटीत

समुद्रावर जायचे ठरले ते होमीशेठमुळे. धुळ्याच्या एका जिनिंगमध्ये ते यंत्रांचे काम पाहतात. मी जवळच्याच शाळेत मराठी शिकवतो. कापसाचा हंगाम उतरला की होमीशेठ डुमसला जातात. सुरतेच्या पलीकडे, तापी समुद्राला मिळते तिथे त्यांचे लहानसे घर आहे आणि स्वतःची मोटारबोट आहे. एका मोडक्या मोटारीचे इंजिन त्यांनी आपल्या हातांनी तिच्यात बसवले. तिच्यातून समुद्रात जाऊन गळाने मासे धरायचे, एवढाच त्यांचा नाद.

"मास्तर, तुमच्या बापाला घेऊन या," ते म्हणाले. "एकदा समुद्र दाखवा. समुद्र पाहून माणूस गप होते."

आबांनी गप व्हावे, हेच आम्हा सर्वांना हवे होते.

आमचे गाव तापीच्या काठी आहे. पुरात सातपुड्यातून लाकडे वाहत येतात. गावातले पोहणारे पुरात उडी टाकून ती धरतात. ज्याचा हात आधी पडेल त्याचे लाकूड. आमच्या घराची तुळई आबांनी तरुणपणी अशीच धरलेली आहे. गेल्याच्या गेल्या श्रावणात माझा धाकटा भाऊ रामा असाच एका लाकडामागे गेला. त्याचा हात लाकडावर पडलेला साऱ्या गावाने पाहिला. पुढे नदीला वळण आहे. वळणापलीकडचे कोणी पाहिले नाही.

प्रेत मिळाले नाही. आबांचे म्हणणे एकच होते. "नदी काही ठेवत नही. खालनाले दी टाकस." नदी काही ठेवत नाही, खालच्याला देऊन टाकते. लाकडे धरण्यात उमर गेलेल्या माणसाला दुसरे सुचणार तरी काय? वरच्या गावांचे गेलेले आम्ही धरले. आमचे गेलेले खाली कोणीतरी धरले असेल. आबा खालच्या एकेका गावात विचारत गेले. सारंगखेडा झाले, प्रकाशा झाले. पुढे जंगल लागले तेव्हा परत आले. पण खाली अजून गावे आहेत, हे त्यांच्या मनातून गेले नाही.

रामाची बायको सोना अजून कुंकू लावते. तिचे वय फार नाही. पहूरच्या एका बिजवराने तिला मागणी घातली आहे. माणूस बरा आहे, शेती आहे. आमच्यात पाट लागतो, विधवेचे दुसरे लग्न होते, त्यात कमीपणा नाही. पण त्याआधी रामाचे दिवस व्हायला हवेत. भटजींनी सांगितले, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्या, सर्वांदेखत वाहून गेला आहे, दोष नाही. अग्नी मी देणार होतो. होकार आबांचा हवा होता. सोनाच्या वडिलांनी निरोप धाडला होता, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगी माहेरी येईल तेव्हा काय ते कळवा. त्यापुढे पहूरचे लोक थांबणार नाहीत.

चैत्रात निघालो.

निघताना सोनाने कळण्याच्या भाकऱ्या आणि ठेचा फडक्यात बांधून उंबऱ्यावर ठेवला आणि ती दाराआड झाली. सासऱ्याशी आणि जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, सुना बोलत नाहीत. लग्न होऊन आल्यापासून मी तिचा आवाज ऐकला तो आतल्या घरातलाच.

ज्यांना हा प्रवास करायचा आहे त्यांनी अमळनेरहून सकाळची सुरतेची गाडी धरावी. तिसऱ्या वर्गात खिडकी मिळते, मात्र लवकर जावे. पाणी घरचे न्यावे. नंदुरबारपर्यंत दोन्ही अंगाला कापसाची रिकामी शेते दिसतात. पुढे टेकड्या लागतात आणि नवापूरच्या आसपास सागाचे जंगल. चैत्रात त्याला पान नसते. लोक या भागाला सुंदर म्हणतात. मला तो जळून गेल्यासारखा वाटला.

नंदुरबारला एक जाडजूड व्यापारी चढला. आबांच्या पागोट्याकडे पाहून त्याने विचारले, "कोठे निघालात, आबा? लग्नाला?"

"सुरत."

"सुरतेला कशाला?"

"पोऱ्याले लेवाले." पोराला आणायला.

व्यापारी मोठ्याने हसला. "सुरतेचं जेवण एकदा तोंडाला लागलं ना आबा, की पोरगं काही परत येत नाही! माझा मेहुणा तिथंच राहिला."

डबा हसला. आबाही थोडे हसले. "मनाबी तसाच व्हई," ते म्हणाले. माझाही तसाच असेल. मी खिडकीबाहेर पाहिले.

सुरतेला स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत मुक्काम केला. धर्मशाळा स्वच्छ आहे, ढेकूण मात्र आहेत. संध्याकाळी आबांना नदीवर नेले. तापी तिथे रुंद आणि गढूळ आहे, पुलाखाली होड्या उभ्या असतात. आबांनी हातात पाणी घेतले, वास घेतला, तोंडात घातले आणि थुंकले.

"खारं लागस," ते म्हणाले. त्यांना ते आवडले नाही. आपल्या गाईचे दूध नासावे तसे त्यांचे तोंड झाले.

सकाळी टांग्याने डुमस. रस्ता सपाट आणि धुळीचा, दोन्हीकडे ताडाची झाडे. वाळू काळी. गावात भजी चांगली मिळतात. होमीशेठ गुडघ्यापर्यंत विजार दुमडून उभेच होते. आबांना ते डोसाजी, म्हणजे म्हातारबुवा, म्हणत.

"आवो डोसाजी, आवो! किती उशीर करते! पाणी उतरायला लागला. आता निघाला नाय तर बोट चिखलात बसून राहील, आणि आपण तिच्यात बसून भजी खाऊ."

त्यांची रीत अशी, की ओहोटीच्या पाण्याबरोबर मुखातून बाहेर पडायचे, समुद्रात गळ टाकायचे आणि भरतीबरोबर आत यायचे. त्यात पेट्रोल वाचते आणि बोट वाळूवर चढत नाही. बोट चालवायला भीखाभाई नावाचा उंच, अबोल खलाशी होता. इंजिन दोनदा खोकले आणि चालू झाले. धूर आणि माशांचा वास. आबा सर्वांत पुढे जाऊन बसले.

पाणी आमच्याबरोबर बाहेर चालले होते. काठ दूर गेले. आबा दोन्ही काठांवरची गावे पाहत होते. प्रत्येक झोपडीकडे बोट करून भीखाभाईला विचारत, इथे कोण राहते, पुरात आलेले कोण धरते. भीखाभाई मान हलवी. त्याला आबांची भाषा कळत नव्हती, पण तो प्रत्येक वेळी मान हलवी.

मग काठ संपले. पुढे काही नव्हते. नुसते मातकट पाणी आणि वर पांढरे आकाश. इंजिन बंद झाले आणि बोट डोलू लागली.

आबा बराच वेळ पाहत राहिले. "येना खाले कोन ऱ्हास?" ह्याच्या खाली कोण राहते?

"कोणी नाही, आबा."

"कोनीच नही?"

"कोणीच नाही."

याचसाठी मी त्यांना आणले होते. ते एवढेसे झालेले पाहून मला बरे वाटायला हवे होते.

होमीशेठनी सर्वांच्या हातात दोर दिले. जाड दोर, टोकाला शिशाचे वजन, वर दोन गळ, गळाला कोळंबी. दोर तळाला टेकला की हातभर वर घ्यायचा आणि बोटावर ठेवून वाट पाहायची. मासा लागला की बोटाला कळते. एवढीच विद्या. मला उन्हाने आणि डोलण्याने मळमळत होते. ज्यांना बोट लागते त्यांनी निघताना पोटभर खाऊ नये. मी खाल्ले होते.

"मास्तर, समुद्राला नैवेद्य नका दाखवू," होमीशेठ म्हणाले. "दाखवायचाच तर त्या बाजूला. इकडे माझा दोर आहे."

पहिला मासा आबांना लागला. त्यांनी दोर न घाबरता, सावकाश ओढला. मिशांचा मोठा शिंगाळा वर आला. फळीवर आपटू लागला तसे भीखाभाईने दांडक्याने त्याचे विषारी काटे मोडले.

"वाह डोसाजी! पहिल्याच दिवशी! मला तर सहा महिने बूट पण लागला नव्हता!" होमीशेठ टाळ्या वाजवत म्हणाले.

आबा माशाकडे पाहत होते. "येनं पोट फाडीसन दखाडा," ते म्हणाले.

भीखाभाईने माझ्याकडे पाहिले. मला सांगावे लागले, की पोट फाडून दाखवा म्हणतात. आणि मग तेही सांगावे लागले, की माझ्या भावाच्या हातात चांदीचे कडे होते. तो गेल्यापासून आमच्या घरात मासा शिजलेला नाही.

होमीशेठनी टोपी काढली. भीखाभाईने सुरी चालवली. आबांनी दोन बोटे आत घालून चाचपले. लहान खेकडे निघाले, थोडा चिखल निघाला.

"नही," आबा म्हणाले आणि गळाला नवी कोळंबी लावून पुन्हा दोर सोडला.

त्यानंतर जो मासा आला त्याचे पोट उघडले गेले. आबांचा असो, भीखाभाईचा असो. फळी रक्ताने आणि खवल्यांनी निसरडी झाली. होमीशेठनी आपला दोर केव्हाच गुंडाळून ठेवला होता. मासे येतच होते. होमीशेठच्या मते वर्षात असा दिवस एखादाच लागतो.

शेवटी आबांनी हात समुद्रात धुतले. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुनं काय ते कर मंग. घर गया की कर."

मी ऐकले. मी पुन्हा विचारले नाही. विचारले तर ते फिरतील असे वाटले. पळसाची पाने कुठून आणायची, कोणाला बोलवायचे, पहूरला निरोप कोणाबरोबर धाडायचा, एवढे सगळे माझ्या मनात तेवढ्यात होऊन गेले. होमीशेठनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. इंजिन सुरू झाले.

आम्ही भरतीबरोबर आत शिरलो. दोन्ही काठ पुन्हा जवळ आले. आबा पुढेच बसले होते, डोळे मिटून. मग त्यांनी डोळे उघडले आणि ते उठून उभे राहिले. उभ्या माणसाने बोट कलंडते म्हणून होमीशेठ ओरडले. आबांनी ऐकले नाही.

बोटीच्या उजव्या अंगाला एक लाकूड चालले होते. ओंडका लांब होता, एका टोकाला फांदीचा खुंट. तो आमच्याच बरोबरीने, आमच्याच दिशेने, नदीत वर चालला होता. त्याच्या मागे झेंडूची फुले, एक नारळ, फेस. सगळे वर.

"साग शे," आबा म्हणाले. "आपलाच शे."

"आबा, बसा."

"हाऊ वर कसा जास?" हा वर कसा जातो?

भीखाभाईला या वेळी कळले. दिवसभरात त्याला कळलेला हा पहिला प्रश्न. "भरती छे, काका. सवारे गयुं, अत्यारे पाछुं आवे." सकाळी गेलेले आता मागे येते. त्याने हाताने दाखवलेही, खाली आणि मग वर. वृद्ध माणसाला त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे इतकेच त्याच्या मनात होते.

आबा लाकूड दिसेनासे होईपर्यंत उभे होते.

"मांगे येस," ते म्हणाले. मागे येते.

मी त्यांना समजावले. बोटीत समजावले, वाळूवर समजावले, होमीशेठच्या ओसरीवर समजावले. भरती सुरतेच्या थोडी वर जाते आणि संपते. ओहोटीला तेच पाणी पुन्हा बाहेर पडते. आमचे गाव कितीतरी वर आहे, मध्ये डोंगर आहेत, खडक आहेत. होमीशेठनी सांगितले. भीखाभाईने आपली चूक कळून शपथेवर सांगितले.

"तू कितला दिन दखं?" आबांनी मला विचारले. "एकच दिन ना?"

त्या संध्याकाळी ते पोटभर जेवले. श्रावणापासून, म्हणजे त्या श्रावणापासून, मी त्यांना तसे जेवताना पाहिले नव्हते. वरणभात दोनदा मागून घेतला. होमीशेठ ताटावर बसले होते, पण त्यांच्याने जेववले नाही.

परतीच्या गाडीत आबा शांत झोपले. होमीशेठनी बरोबर दिलेला सुका बोंबील मी व्यारा स्टेशनात एका बाईला देऊन टाकला.

अशा प्रवासातून काय मिळते, असे लोक विचारतात. डुमसची हवा चांगली आहे. मोटारबोटीतून मासे धरण्याचा नाद वाईट नाही. ज्याच्याकडे वेळ आहे आणि ओळख आहे त्याने एकदा जावे. माझे जे व्हायचे ते झाले. पूर्वी आबांपुढे गावे होती, आणि गावे कधीतरी संपतात. आता भरती आहे. ती रोज येते.

आमच्याकडे लाकडे धरणारे नेहमी नदीच्या वरच्या अंगाला तोंड करून बसतात, येणारे आधी दिसावे म्हणून. आबा आता रोज सकाळी काठावर जातात आणि खालच्या अंगाला तोंड करून बसतात. गावातले लोक आधी हसले, मग हसेनासे झाले.

आखाजीला सोना माहेरी गेली. पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या तेव्हा, रामाचे दिवस झाले नाहीत म्हणून, तिच्या वडिलांनी पहूरला नकार कळवला. पहूरच्या लोकांनी दुसरी मुलगी पाहिली. सोनाला माहेरी ठेवून घ्यायची तिच्या वडिलांची तयारी होती. पण ती आपण होऊन परत आली.

ती आली त्या दिवशी मी घरीच होतो. धुळ्याला निघताना ओसरीवर जोडे घालत होतो. दाराआडून आवाज आला.

"भाऊ."

कोण बोलले ते मला क्षणभर कळले नाही.

"तठे पानी खरंच मांगे येस?"

"येतं," मी म्हणालो.

"आपल्यालोंग?"

"नाही. आपल्यापर्यंत नाही."

नदीच्या बाजूला आबांचे पागोटे दिसत होते. मी दुसरा जोडा घातला.

"कुंकू सरी ऱ्हायनं," ती म्हणाली. "येतांना धुयाथून लई या."

म्हणजे, कुंकू संपत आले आहे, येताना धुळ्याहून घेऊन या.