खोली खाली आहे: ब्रह्माघाटाला गमबूट घालून

पत्रात "एक खोली खाली आहे" असं लिहिलं होतं. त्या एका शब्दापायी मी नाशिकहून काशीला गमबूट घेऊन गेलो.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. माझं वय अठ्ठावीस, नोकरी नुकतीच कायम झालेली, आणि आईने माझं लग्न मनावर घेतलेलं. दूरच्या ओळखीतून काशीचं स्थळ आलं. घराणं मूळचं कोकणातलं, पण चार पिढ्या ब्रह्माघाटावर राहिलेलं. मुलीचे वडील शाळेत संस्कृत शिकवायचे. मुलीचं नाव वसुधा. फोटो आईला पसंत पडला आणि मास्तरांचं पत्र आलं: "श्रावणात सवड काढून यावे. उतरण्याची काळजी नसावी. आमच्याकडे एक खोली खाली आहे."

बाबांनी पत्र दोनदा वाचलं. "गंगेला पूर, आणि हे लोक पाहुण्याला तळमजल्यावर झोपवणार?" त्यांनी उलट टपाली कळवलं की पुराचं पाणी शिरेल, खालची खोली नको, वर कुठेही चालेल. उत्तर आलं: "निश्चिंत असावे. खोली खरोखरच खाली आहे." हिंदीतला खाली म्हणजे रिकामा, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण पत्र इतक्या टापटिपीच्या मराठीत होतं की कुणाच्या डोक्यातच आलं नाही. असल्या हटवादी माणसांशी सोयरीक नको, म्हणून बाबांनी यायला साफ नकार दिला. शेवटी तडजोड अशी ठरली की शब्द दिलाय तर मी एकट्याने जायचं, मुलगी बघायची, नकार कळवून परत यायचं आणि जाताना बाबांचे पाटबंधारे खात्यातले काळे गमबूट न्यायचे. बाबांनी "मुलगा एकटाच येईल" एवढं एका ओळीचं पत्र टाकलं.

नाशिकरोडहून स्लीपरचा डबा. भुसावळ, इटारसी, जबलपूर, सतना असं करत दुसऱ्या दिवशी सकाळी काशी. जाणाऱ्यांनी जबलपूरला पोटभर खाऊन घ्यावं, पुढे चहाखेरीज भरवशाचं काही मिळत नाही. गमबूट पिशवीत मावेनात म्हणून बाकाखाली उभे ठेवले होते. समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "मछली का काम है?" म्हटलं, "नाही, मुलगी पाहायला चाललोय." ते थोडे सरकून बसले.

स्टेशनवरून मैदागिनपर्यंत सायकलरिक्षा, तेव्हा दहा-बारा रुपये पडत. पुढे गल्ल्या, आणि गल्ल्यांत चाकांचं काही चालत नाही. सामान पाठीवर घ्यायचं आणि घाटाचं नाव विचारत जायचं. घर नंबर विचारलात तर संध्याकाळ होईल. मी विचारत विचारत एका कचोरीच्या दुकानाशी आलो, आणि तिथून पुढे गल्लीच नव्हती. छातीभर मातकट पाणी होतं. मी गमबुटांकडे पाहिलं. ते जेमतेम गुडघ्यापर्यंत येत होते.

दुकानदार उघड्याबंब अंगाने उंच ओट्यावर बसून कचोऱ्या तळत होता. पाणी त्याच्या एक पायरी खाली.

"ब्रह्माघाट?" मी विचारलं.

"यही तो रास्ता है."

"पण पानी!"

"पानी तो हर साल आता है," तो झारा निथळत म्हणाला. "आप पहली बार आए हैं."

मास्टरसाहेबांकडे जायचंय म्हटल्यावर त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "लड़की देखने? तो छत से निकल जाइए. बस चार घर हैं, पाँचवाँ उन्हीं का."

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. या मोहल्ल्यात घरं एकमेकांना इतकी चिकटलेली आहेत की गच्चीवरून गच्चीवर सहज जाता येतं. पूर आला की गल्ली बंद होते आणि गच्च्या सुरू होतात. दूधवाला वरून येतो, पोस्टमन वरून येतो, उसनी साखर वरून जाते. फक्त एक अडचण आहे. धूर वर जावा म्हणून जुन्या घरांत स्वयंपाकघर सगळ्यात वरच्या मजल्यावर असतं. म्हणजे तुम्ही रस्ता ओलांडत नसता, लोकांची स्वयंपाकघरं ओलांडत असता. आणि स्वयंपाकघरातून माणसाला उपाशी कोण जाऊ देईल?

दुकानदाराने वर तोंड करून आरोळी ठोकली, "लड़का आ गया!" वरून कुणी बाईने पुढच्या गच्चीला सांगितलं, "लड़का आ गया!" आरोळी माझ्यापुढे निघून गेली.

पहिलं घर त्याचंच. उंबऱ्यावर गमबूट काढले, चार कचोऱ्या आणि पानभर जिलबी खाल्ली, पलीकडच्या दाराशी गमबूट घातले. दुसरं घर एका पहिलवानाचं. पुन्हा गमबूट काढले. त्यांनी लोटाभर साय घातलेलं दूध हातात दिलं आणि मी शेवटचा घोट घेईपर्यंत समोर मांडी थोपटत उभे राहिले. त्यात भांग नव्हती असं ते स्वतःहून दोनदा म्हणाले.

तिसरं घर वेद शिकवणाऱ्या एका गुरुजींचं. मराठी ऐकून मला हायसं वाटलं, पण गुरुजींनी दारातच हात आडवा केला.

"रेलगाडीने आलात ना? आत सोवळ्यात स्वयंपाक चाललाय. नहाल्याशिवाय रसोईतून कसं जाता येईल?"

"मग दुसरीकडून?"

"दुसरीकडे गंगाजी आहेत."

म्हणून मी गच्चीवर दोन बादल्या पाण्याने आंघोळ केली. माझे कपडे ओवळे, ते काठीच्या टोकाला गाठोडं बांधून भिंतीवरून पलीकडे धाडण्यात आले. मला नेसायला गुरुजींचा लाल रेशमी मुकटा मिळाला. आंघोळ चालू असताना एका माकडाने डावा गमबूट पळवला आणि समोरच्या देवळाच्या शिखरावर बसून त्यात हात घालून बघत राहिलं. गुरुजींकडे सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा नाही म्हणता येत नाही. द्रोण भरून खाल्ला.

आता बाहेरून दृश्य काय दिसत असेल ते बघा. एक तरुण गुरुजींच्या घरात पँट घालून शिरला आणि लाल मुकटा नेसून, कपाळाला गंध लावून बाहेर आला. आरोळी बदलली. चौथ्या गच्चीवर पोहोचलो तर दोन बायकांनी माझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या.

"शादी हो गई?" एकीने विचारलं.

"नाही हो, अजून मुलगीसुद्धा बघितली नाही!"

"अरे," ती दुसरीला म्हणाली, "बिना देखे कर ली."

चौथ्या घरी बँकेत नोकरीला असलेल्या गृहस्थांचं बिऱ्हाड होतं. वहिनी साताऱ्याच्या, बदली होऊन दोन वर्षांपूर्वी आलेल्या. नाशिकचा माणूस म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "इथं सगळं मिळतं हो, पण आपल्याकडचं बोलणं मिळत नाही," म्हणाल्या आणि पिठलं-भाकरी वाढली. मी घशापर्यंत भरलो होतो. पण त्या समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या, तेव्हा खाल्लं. शेवटचा घास संपल्यावर त्या म्हणाल्या, "आता तिकडे मात्र पानात काही टाकू नका हं."

"म्हणजे?"

"मास्तरांच्या घरात आत्याबाईंचा शब्द चालतो. पानात टाकणारा जावई त्यांना नको. मागच्या वर्षी नागपूरच्या मुलाने अर्धी करंजी ठेवली. झालं, तिथेच मोडलं."

"हे आधी नाही का सांगायचं?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याकडे जेवला असता?"

मी मनाशी म्हटलं, उत्तमच झालं. नकारच द्यायचाय, तो पानातच देऊ.

चौथ्या आणि पाचव्या घरांच्या मध्ये मात्र तीन हात रुंद फट होती, तीन मजले खोल, तळाशी पाणी. त्यावर एक बांबूची शिडी आडवी टाकलेली. पलीकडचं टोक दोन्ही हातांनी दाबून एक मुलगी बसली होती. फोटोतली. फोटोत ती गंभीर होती. इथे हसू आवरायला ओठ चावत होती.

"नीचे बघू नका," ती म्हणाली. "माझ्याकडे बघा."

लाल मुकटा, एका पायात गमबूट, काखेत गाठोडं अशा थाटात मी रांगत तिच्याकडे गेलो. एकदाही खाली पाहिलं नाही. पलीकडे पोहोचल्यावर ती म्हणाली, "सकाळपासून बघतेय. चारही दारांत तुम्ही बूट काढून पुन्हा घातले. एकच उरला तरी!" मला ती आवडली. सरळ सांगतो, अगदी तिथल्या तिथे आवडली, आणि त्याच क्षणी पोटातल्या पिठल्याची मला भीती वाटू लागली. नकार देणं सोपं होतं. होकार खाऊन द्यावा लागणार होता.

बैठकीत आत्याबाई चौरंगावर ताठ बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, शस्त्रक्रिया दसऱ्यानंतर. मास्तर मिनिटामिनिटाला जिन्यात चढणारं पाणी वाकून बघून येत, "अजून सात पायऱ्या आहेत," असं जाहीर करत आणि मागच्याच प्रश्नापासून पुढे सुरू होत. माझ्यापुढे ताटली आली. पोह्यांचा ढीग आणि त्यावर दोन बेसनाचे लाडू, चांगले मुठीएवढे.

मी प्रयत्न केला. देवाशपथ केला. चार चमचे पोहे आणि पाव लाडू एवढ्यावर गाडी अडली. मास्तर पायऱ्या मोजायला गेले होते.

"वसुधा," आत्याबाई समोर भलतीकडेच बघत म्हणाल्या, "ताटली बघ गं."

ती माझ्याजवळ आली. तिने ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हात जोडले म्हटलं तरी चालेल. तिने ताटली उचलली, अलगद फरशीवर ठेवली, पायाने चौरंगाखाली सरकवली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "खाली आहे, आत्या."

संपलं, असं मला वाटलं. जागा सांगूनच चुगली केली हिने.

"बापरे!" आत्याबाईंचा चेहरा उजळला. "इतक्या लवकर? सगळं? अरे मास्तर, इकडे ये! पायऱ्या राहू दे!"

मला काही कळेना. मास्तर धावत आले, माझी पाठ थोपटली, प्रवासाने दमला असाल म्हणाले आणि खोली दाखवायला घेऊन निघाले. खाली नाही, वर. तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलं. आत एक सतरंजी, एक सुरई आणि खिडकीत काठोकाठ गंगा. बाकी काहीही नाही.

"म्हटलं होतं ना," मास्तर अभिमानाने म्हणाले, "पूर्ण खाली आहे!"

मी सतरंजीवर बसलो आणि एकटाच हसत सुटलो.

तिथे चार दिवस राहिलो. पुढच्या दोन दिवसांत पाणी उतरलं, आणि पाणी उतरल्यावरच तिथली खरी कामं सुरू होतात. जिन्यात घोट्याएवढा गाळ. गाळ ओला असेतो ढकलावा लागतो, एकदा वाळला की फावडं लागतं, हे मला पहिलवानांनी शिकवलं. सगळी गल्ली खराटे घेऊन उतरली होती. मी एक गमबूट घालून गाळ ढकलत होतो, वसुधा वरून बादल्या सोडत होती. मास्तर जरा लांब गेल्यावर मी हळूच विचारलं, "तुम्ही आत्याबाईंशी खोटं बोललात?"

"खोटं कुठे? ताटली खालीच होती. तुमच्या मराठीतल्या अर्थाने."

"आमची मराठी तुम्हाला कशी कळली?"

"तुमच्या बाबांच्या पहिल्या पत्रावरून. आमचे बाबा वाचून चकित झाले, खोली खाली आहे तर पाणी कसं शिरेल म्हणून. मला मात्र कळलं."

"मग कळवलं का नाही?"

तिने बादली ओढून घेतली. "तळमजल्यावर पाणी असेल असं समजूनसुद्धा कोण येतं, ते बघायचं होतं."

मी नकार द्यायला आलो होतो हे मला मुळीच सांगता आलं नाही. "आणि ते लाडू?" एवढंच विचारलं.

"मी खाल्ले. होकार कुणीतरी पुरा करायला नको का?"

नाशिकला परतलो तेव्हा बाबा दारातच उभे होते. आधी माझ्या पायांकडे बघितलं.

"दुसरा बूट?"

"माकडाने नेला."

"खोली खाली होती?"

"तिसऱ्या मजल्यावर."

बाबांनी उरलेला बूट माझ्या हातातून घेतला. "आणि मुलगी?"

"हो म्हणून आलो."

लग्न मार्गशीर्षात झालं. त्या काशीचं आता काय उरलंय म्हणाल, तर उजवा गमबूट आमच्या दाराशी छत्र्या ठेवायला आहे, आणि स्वयंपाकघरातून "साखरेचा डबा खाली आहे" असा आवाज आला की मी आधी ओट्याखाली वाकून बघतो, मग झाकण उघडतो. इतकी वर्षं झाली तरी पहिल्या फटक्यात बरोबर येत नाही.

नकार द्यायला गेलो होतो ही गोष्ट मी तिला कधीच सांगितली नव्हती. काल हे लिहून झालं आणि तिला वाचायला दिलं. आता काही खरं नाही, असं म्हणत बाजूला बसलो. तिने शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुमच्या बाबांचं ते एका ओळीचं पत्र वाचून कुणालाही कळलं असतं. पण नाहीच म्हणायचं होतं, तर गमबूट कशाला आणले होते?"