वर दिलेला ठिपका
हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सांबाराची, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीची, जुडी हातात घेतली की नालवाडीतली माझी उपचाराची खोली आठवते. बोलताना अडणारी एक आठ वर्षांची मुलगी तिथं आईसोबत यायची. आई भाजी विकायची, म्हणून मी तिच्याच टोपलीतल्या भाज्या मुलीपुढे मांडायचो, एका मिनिटात ती किती नावं बरोबर सांगते ते मोजायचो आणि तक्त्यावर तेवढ्या उंचीवर ठिपका द्यायचो. चार दिवस ठिपके एकाच आडव्या रेषेत राहिले. अशा वेळी शिकवण्याची पद्धत बदलायची असते, पण मला कंटाळा आला होता. पाचव्या दिवशी मी घड्याळ लावलंच नाही, ठिपका मात्र चांगला वर दिला. आई तक्ता पाहून हरखली, "सर, पोरगी तं धावून राह्यली! उद्या इलेच बसवतो दुकानावर." दुसऱ्या दिवशी मी सांबार घ्यायला गेलो, तर गिऱ्हाइकांपुढे मुलीला एकही नाव सुचत नव्हतं. "सरजवळ फटफट सांगतं, मंग इथंच काऊन नाटकं करून राह्यली?" आई तिच्यावर खेकसली. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी जुडी पिशवीत टाकली आणि निघालो. ती नाटकं करत नव्हती, ठिपकाच खोटा होता, एवढं एक वाक्य मी त्या मायलेकींचं अजून देणं लागतो.